पडदा, लाउंज आणि वडखळचा ट्रॅफिक: एका गाजलेल्या पेपरची उलटतपासणी

नेट झाली, पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, अशा टप्प्यावर असलेल्यांसाठी आजचा लेख आहे. या टप्प्यावर एक गोष्ट हमखास होते. एखादा गाजलेला परदेशी पेपर हाती लागतो, निष्कर्ष आवडतो, आणि आपण शीर्षकाच्या शेवटी 'विशेष संदर्भ: रायगड जिल्हा' असं जोडून मोकळे होतो. गाईडलाही ते चालून जातं. पण त्या पेपरमधली संकल्पना आपल्या रस्त्यावर उभी राहते का, हे कुणी तपासत नाही. आज आपण ते तपासूया.

पेपर आहे विमानातल्या भांडणांवरचा. कॅथरीन डीसेल्स आणि मायकल नॉर्टन यांचा, २०१६ साली 'पीएनएएस' या नामवंत नियतकालिकात आलेला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: विमानात पुढे फर्स्ट क्लास असेल तर मागच्या इकॉनॉमीत प्रवाशांचे गोंधळ, आरडाओरडा, भांडणं जास्त होतात. विषमता डोळ्यांसमोर आली की माणूस चिडतो. जगभरच्या वर्तमानपत्रांनी हे उचललं. वाचायला झकास, पटायला सोपं. पटायला सोपं असतं तिथेच आपण जरा थांबायचं असतं.

पेपरकडे जाण्याआधी 'क्लास' या शब्दात नेमकं काय विकलं जातं ते बघू. त्यासाठी मी मुद्दाम छोटा प्रवास घेतलाय: युरोपातली दीड-दोन तासांची उड्डाणं. आणि सोबत घेतलंय आमचं वडखळ.

पडद्याच्या अलीकडे काय असतं?

लांब पल्ल्याच्या विमानात बिझनेस क्लास म्हणजे झोपता येईल अशी सीट. तिथे पैसे कशाचे मोजले ते दिसतं. युरोपात एका देशातून शेजारच्या देशात जाताना मात्र चित्र वेगळं असतं. बहुतेक कंपन्यांच्या छोट्या विमानात एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन अशा सीटा. बिझनेसमध्येही त्याच सीटा. रुंदी तीच, पाय ठेवायची जागा बहुतेक वेळा तेवढीच. फरक एवढाच की तिघांतली मधली सीट रिकामी ठेवतात, खायला-प्यायला बरं देतात, आणि मागे एक पडदा लावतात.

हा पडदा सरकता असतो. आज बिझनेसची तिकिटं जास्त गेली तर पडदा दोन रांगा मागे, कमी गेली तर दोन रांगा पुढे. म्हणजे सकाळच्या फेरीत जी सहावी रांग बिझनेस होती तीच दुपारच्या फेरीत इकॉनॉमी. सीट जागची हलली नाही, दर्जा बदलला.

ही युक्ती जुनी आहे. सत्तरच्या दशकात सवलतीची तिकिटं वाढली आणि पूर्ण भाडं भरणारा कामकाजी प्रवासी कुरकुरायला लागला. शेजारच्याने माझ्या निम्म्या पैशात तिकीट काढलंय, मग मला वेगळं काय मिळतं? स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने १९८१ साली, यान कार्लसन यांच्या कारकिर्दीत, 'युरोक्लास' आणला. पूर्ण भाडं भरणाऱ्यांना वेगळं चेक-इन, वेगळं लाउंज आणि विमानात सरकता पडदा. यातल्या दोन गोष्टी विमानाच्या बाहेरच्या आहेत, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

लाउंजचा इतिहास याहून जुना. अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ साली न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर पहिलं लाउंज उघडलं, तेव्हा तिथे निवडक लोकांना आमंत्रणानेच प्रवेश होता. आज आपल्याकडे डेबिट-क्रेडिट कार्डावर लाउंज मिळतं आणि गर्दीच्या वेळी लाउंजच्या दारातच रांग लागते. फ्रेड हर्श या अर्थतज्ज्ञाने १९७६ साली नेमकं हेच मांडलं होतं: काही वस्तूंची किंमत त्या सगळ्यांकडे नसण्यात असते. सगळ्यांना मिळाल्या की त्या वस्तू उरतात, त्यातली मजा जाते. त्याने यांना 'पोझिशनल' वस्तू म्हटलं. मराठीत 'पायरीच्या वस्तू' म्हणायला हरकत नाही.

आता मुद्दा असा. दीड तासाच्या उड्डाणात माणूस हवेत दीड तास असतो, पण जमिनीवर किती? विमानतळावर आधी पोचणं, सामान देणं, तपासणी, गेटवर थांबणं, चढताना रांग, उतरल्यावर पट्ट्याजवळ उभं राहणं. सगळं धरलं तर जमिनीवरचा वेळ हवेतल्या वेळेपेक्षा जास्त भरतो. बिझनेसचं तिकीट या जमिनीवरच्या वेळेत काम करतं: वेगळी तपासणी रांग, लाउंज, आधी चढणं, सामान आधी येणं. छोट्या प्रवासात दर्जा मुख्यतः वाट बघण्याचा असतो, सीट हा त्याचा छोटासा भाग. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि याच म्हणण्यावर तो पेपर घासून बघायचाय.

वडखळला दर्जा कुठे जातो?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वडखळ हे पेण तालुक्यातलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. इथून अलिबागचा फाटा फुटतो. गोव्याकडे जाणारे, अलिबागकडे जाणारे, डोलवीच्या स्टील कारखान्याचे ट्रक, सगळे इथे एकत्र येतात. पनवेल-इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं आणि किती वर्षं रखडलं ते कोकणात जाणाऱ्या कुणालाही विचारा. बायपास झाल्यावर थोडं हलकं झालंय, तरी गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि लागून आलेल्या सुट्ट्या म्हणजे गाड्यांची रांग ठरलेलीच.

त्या रांगेत उभं राहून एसटी बघा. एसटीतही दर्जे आहेत. साधी लालपरी आहे. निमआराम आहे, जिला जुनी माणसं अजून 'एशियाड' म्हणतात. वातानुकूलित शिवशाही आहे. तिकिटाचा फरक आहे, सीटचा फरक आहे, एसीचा फरक आहे. आणि शेजारी कुणाची तरी वीस लाखांची गाडी आहे. ट्रॅफिक लागला की सगळ्या एकाच ठिकाणी, एकाच वेगाने, म्हणजे शून्य वेगाने. शिवशाहीतला माणूस गारव्यात वाट बघतो, लालपरीतला खिडकी उघडून वाट बघतो, पण दोघं अलिबागला पोचतात एकाच वेळी. कुणाला पैसे देऊन रांगेत पुढे घुसता येत नाही. इथे दर्जा सीटचा आहे आणि वाट बघणं मात्र समान आहे. युरोपच्या विमानात याच्या बरोबर उलट: सीट जवळपास समान आणि वाट बघण्याला दर्जा.

मग १५ मार्च २०२० रोजी भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली. ग्रीसमध्ये बांधलेलं 'प्रोटोपोरस' हे जहाज. गाडीसकट चढायचं, तासाभरात मांडव्याला उतरायचं. रस्त्याने हेच अंतर शंभरावर किलोमीटर, आणि वाटेत वडखळ. या बोटीतही वेगवेगळ्या दर्जांची तिकिटं आहेत, 'बिझनेस क्लास' नावाचंसुद्धा. म्हणजे युरोपातल्या छोट्या उड्डाणाचं आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात जवळचं भावंड हेच.

आता स्वतःला विचारा: या बोटीत मोठी वाटणी कुठे होते? वरच्या डेकवरचा आणि खालच्या डेकवरचा प्रवासी यांच्यात? की बोटीत बसलेला आणि वडखळच्या रांगेत उभा असलेला यांच्यात? बोटीत बिझनेसवाला आणि साधा तिकीटवाला एकाच क्षणी मांडव्याला पोचतात. पण बोटीने मुख्य माल म्हणून विकलंय ते वडखळ टाळणं. डेकचे दर्जे ही त्यावरची वरची पुटं. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर विषमता एकात एक बसवलेली आहे: आधी बोट की रस्ता, मग कुठला डेक. तुम्ही फक्त बोटीत प्रश्नावली घेऊन फिरलात तर मोठी वाटणी तुमच्या सॅम्पलच्या बाहेरच राहील.

पेपर काय सांगतो

आता पेपरकडे. आधी त्याचं चांगलं बोलू, कारण नुसती टीका म्हणजे समीक्षा नव्हे.

एक, त्यांनी प्रश्नावली वाटली नाही. 'तुम्हाला फर्स्ट क्लास बघून राग येतो का?' असं विचारलं असतं तर लोकांनी सभ्य उत्तरं दिली असती. त्यांनी एका मोठ्या विमान कंपनीच्या घटनांच्या नोंदी घेतल्या. दोन, त्यांनी उड्डाणाचं अंतर, उशीर, सीटची रुंदी, पायाची जागा अशा गोष्टी हिशेबात धरल्या. तीन, त्यांनी एक हुशार तुलना केली: प्रवासी पुढच्या दाराने, म्हणजे फर्स्ट क्लासमधून चालत मागे जातात का, की मधल्या दाराने चढतात? विषमता असणं वेगळं आणि ती ओलांडून जावं लागणं वेगळं, ही कल्पना खरंच चांगली आहे.

निष्कर्ष असे. फर्स्ट क्लास असलेल्या विमानात इकॉनॉमीतल्या घटना दर हजार उड्डाणांमागे १.५८, नसलेल्या विमानात ०.१४. इतर गोष्टी हिशेबात धरल्यावर शक्यतेचं गुणोत्तर, म्हणजे ऑड्स, ३.८४ पट. पुढच्या दाराने चढवलं तर इकॉनॉमीत २.१८ पट. आणि ज्या आकड्याची सगळ्यात जास्त बातमी झाली तो असा: फर्स्ट क्लासचं अस्तित्व हे ९ तास २९ मिनिटांच्या उशिराइतकं परिणामकारक आहे.

समोरच्या दाराच्या निष्कर्षावर त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात मार्कस क्रेडे, अँड्र्यू गेलमन आणि कॅरोल निकरसन यांनी शंका घेणारं पत्र लिहिलं. ते तुम्ही मूळ पेपरसोबत वाचाच. मूळ पेपर वाचला आणि त्यावरचं पत्र वाचलं नाही, तर व्हायवाला कुणीतरी नेमकं तेच विचारतं. माझे आक्षेप मात्र वेगळे आहेत. तीन आहेत.

पहिला आक्षेप: विमानंच वेगळी आहेत

१.५८ भागिले ०.१४ करा. साधारण अकरा येतं. इतर गोष्टी धरल्यावर हा आकडा ३.८४ झाला. म्हणजे सुरुवातीला दिसणाऱ्या फरकाचा मोठा भाग विमानाचा आकार, अंतर वगैरेंचाच होता, फर्स्ट क्लासचा नव्हता. हे लेखकांनी लपवलेलं नाही. पण विचार करा: इतकं काही कंट्रोल केल्यावर आकडा एवढा खाली येतो, तर जे कंट्रोल करताच आलं नाही त्याचं काय? विमानात किती दारू वाटली, रात्रीचं उड्डाण होतं का, प्रवासी आधीच्या किती तासांच्या प्रवासातून आले होते?

फर्स्ट क्लास असलेली आणि नसलेली विमानं ही दोन वेगळ्या जातीची विमानं असतात. वेगळ्या मार्गांवर, वेगळ्या प्रवाशांसाठी. लालपरी आणि शिवशाहीतल्या भांडणांची तुलना करून 'एसीमुळे भांडणं कमी होतात' म्हणण्यासारखं हे आहे. शिवशाही कुठे थांबते, लालपरी किती थांबे घेते, उभे प्रवासी किती, हे सगळं एसीच्या नावावर जमा होतं.

त्यात नोंदी कर्मचाऱ्यांनी केलेल्या. घटना घडणं आणि घटना नोंदवली जाणं या दोन पायऱ्या आहेत. एखाद्या प्रकारच्या विमानात नोंद करण्याची शिस्त जास्त असेल तर तिथे भांडणं जास्त दिसतील. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'दुय्यम साधने: कार्यालयीन नोंदी' असं लिहिताना ही दुसरी पायरी विसरू नका.

दुसरा आक्षेप: ९ तास २९ मिनिटं कुणी मोजली?

हा आकडा मिनिटापर्यंत नेमका दिसतो, त्यामुळे वाटतं की साडेनऊ तास उशीर झालेल्या विमानांकडे बघून काढला असेल. तसं नाही. हा दोन गुणकांचा भागाकार आहे. मॉडेलने उशिराच्या प्रत्येक तासाला एक वजन दिलं, फर्स्ट क्लासला एक वजन दिलं, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागलं. वहीत करून बघा: ३.८४ चा नैसर्गिक लॉग साधारण १.३५, त्याला साडेनऊने भागा, ०.१४ येतं. म्हणजे मॉडेलच्या मते उशिराचा एक तास ऑड्स साधारण १५ टक्क्यांनी वाढवतो. पहिला तासही तेवढाच, नववा तासही तेवढाच.

वडखळला तीन तास अडकलेल्या कुणालाही विचारा, पहिला तास आणि तिसरा तास सारखा असतो का? पहिल्या तासात लोक पांढऱ्या कांद्याच्या माळांचा भाव करतात. तिसऱ्या तासात लहान मूल रडतं, कुणाला बाथरूमला जायचं असतं, आणि मग ड्रायव्हरशी वाद सुरू होतो. वाट बघणं सरळ रेषेत वाढत नाही. ते एका मर्यादेपर्यंत सोसतं आणि मग उसळतं. सरळ रेषेचं मॉडेल ही सोय आहे, चूक नाही. पण सोयीतून आलेला आकडा बातमीत मोजमाप म्हणून छापला जातो, तेव्हा सावध राहायचं ते वाचणाऱ्याने.

तिसरा आक्षेप: उशीर आणि दर्जा वेगळे कसे?

हा माझा मुख्य आक्षेप. त्या तुलनेत उशीर हे एक व्हेरिएबल आहे आणि दर्जा हे दुसरं. तराजूच्या दोन पारड्यांत दोन वस्तू ठेवल्यासारखे. पण वर आपण काय बघितलं? दर्जा म्हणजे बऱ्याच अंशी उशीर कसा सोसायचा याचीच व्यवस्था.

विमान तीन तास लेट आहे. लाउंजमधला माणूस खुर्चीत बसून जेवतो, अंघोळीची सोय असली तर अंघोळ करतो, लॅपटॉप चार्जिंगला लावून काम करतो. गेटजवळचा माणूस प्लगच्या शोधात जमिनीवर बसतो. नोंदीत दोघांसमोर लिहिलंय: उशीर तीन तास. हे तीन तास एकच आहेत का? नसतील, तर उशिराचा परिणाम दर्जानुसार बदलणार. सांख्यिकीच्या भाषेत याला इंटरॅक्शन म्हणतात. एका गोष्टीचा परिणाम दुसरी किती आहे यावर अवलंबून असणं. जिथे इंटरॅक्शन असण्याचं इतकं सरळ कारण आहे, तिथे 'हे म्हणजे इतक्या तासांच्या उशिराएवढं' असा विनिमयदर काढताच येत नाही. पाण्याची किंमत तहानेच्या तासांत मोजण्यासारखं होतं ते.

यातून आणखी एक गोष्ट निघते. पेपर विषमतेची जागा विमानाच्या आत धरतो. छोट्या प्रवासात ती जागा आधीच मागे पडलेली असते: तपासणीच्या दोन रांगांत, लाउंजच्या दारात, चढण्याच्या क्रमात. माणूस चिडून विमानात येतो, भांडण विमानात होतं, नोंद विमानाच्या नावावर होते. बोटीतल्या डेककडे बघत बसलो आणि रस्त्यावरची रांग सुटली, तसंच हे.

मग करायचं काय? पडद्याचा उपयोग

टीका करून थांबलात तर आरआरसीसमोर पहिला प्रश्न येतो: 'मग तुम्ही कसं केलं असतं?' उत्तर पडद्यात आहे.

युरोपातला पडदा सरकतो, त्यामुळे एकाच विमानात, एकाच मार्गावर, त्याच सीटांसह बिझनेसच्या रांगा आज तीन तर उद्या आठ असतात. विमानाची जात बदलत नाही, फक्त वाटणी बदलते. पहिल्या आक्षेपाला ही सगळ्यात जवळची दुरुस्ती. वाटणी मोठी असलेल्या दिवशी मागे चिडचिड जास्त होते का, ते बघता येईल.

पण इथेही लगेच खूश होऊ नका. पडदा मागे कधी जातो? बिझनेसची मागणी जास्त असते तेव्हा, म्हणजे कामाच्या दिवशी, सकाळी-संध्याकाळी. त्याच वेळी विमान भरलेलं असतं आणि प्रवाशांना घाईही असते. शिवाय बिझनेसमध्ये मधल्या सीटा रिकाम्या ठेवायच्या, म्हणजे मागे जागा आणखी कमी. तेव्हा वार, वेळ आणि विमान किती भरलंय हे धरावंच लागेल. चांगल्या डिझाइनमध्येही कुठे भोक आहे हे स्वतः दाखवलंत तर परीक्षकाला शोधायला काही उरत नाही.

द्युपुईचं छप्पर आणि दंडवत्यांचा फोम

सिद्धांताची बाजू कोरडी राहू नये म्हणून दोन माणसं भेटवते.

ज्यूल द्युपुई हा फ्रेंच अभियंता. १८४९ साली त्याने रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल लिहिलं. डब्याला छप्पर नाही, बसायला लाकडी फळ्या. कंपनी कंजूष आहे म्हणून असं करते का? द्युपुईचं म्हणणं, नाही. छपराचा खर्च किरकोळ आहे. गरिबाला त्रास द्यायचा हेतूही नाही. ज्याला दुसरा वर्ग परवडतो त्याने तिसऱ्यात बसू नये, म्हणून तिसरा वर्ग मुद्दाम गैरसोयीचा ठेवायचा. हे वाचल्यावर गेटजवळच्या मोजक्या खुर्च्या आणि मोजके प्लग यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघावंसं वाटतं. लाउंज किती चांगलं आहे, एवढ्यावर थांबायचं नाही. लाउंज विकलं जावं म्हणून बाहेरचं वाट बघणं किती वाईट ठेवलंय, हा पुढचा प्रश्न.

दुसरे मधु दंडवते. कोकणातल्या राजापूरचे खासदार. १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री. भारतीय रेल्वेत तिसरा वर्ग नावापुरता १९७४ सालीच संपला होता, पण दुसऱ्या वर्गात झोपायला लाकडी फळ्याच होत्या. दंडवत्यांनी त्यावर दोन इंचांचा फोम बसवायला लावला. पहिल्या वर्गाचं काही काढून घेतलं नाही. तळ वर उचलला. द्युपुईच्या चौकटीत सांगायचं तर त्यांनी छपरावर पैसे घातले, आणि दोन वर्गांमधली मुद्दाम राखलेली गैरसोय कमी केली. विषमता आणि गैरसोय या दोन गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून समजतं. पेपर पहिलीबद्दल बोलतो. दुसरी कुणी मोजायची?

युरोपातल्या कायद्याने ती थोडी मोजलीय. २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार १५०० किलोमीटरपर्यंतचं उड्डाण रद्द झालं तर भरपाई २५० युरो, आणि २००९ साली युरोपीय न्यायालयाने तीन तास किंवा जास्त उशिरा पोचण्यालाही ती लागू केली. काही अपवाद आहेत, पण एक बघा: तुमचं तिकीट बिझनेसचं की इकॉनॉमीचं, याने रक्कम बदलत नाही. बाजाराने वाट बघण्याला दर्जे पाडले, कायद्याने ती सगळ्यांची सारखी धरली. त्याच नियमात आणखी एक गंमत आहे. तुम्हाला वरच्या वर्गातून खालच्या वर्गात बसवलं तर तिकिटाचे काही टक्के परत मिळतात: १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, सगळ्यात लांब पल्ल्याला ७५ टक्के. छोट्या उड्डाणात वरच्या सीटची किंमत किती कमी आहे, हे कायद्याच्या आकड्यांतही दिसतं.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. विमानतळ रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात आहे. वडखळपासून फार लांब नाही. येत्या काही वर्षांत त्यावर ढिगाने प्रबंध होणार. प्रवाशांचं समाधान, लाउंजची सेवा, कार्डधारकांचा कल. प्रश्नावली तयार, पाच बिंदूंची मोजपट्टी तयार, निष्कर्ष जवळपास तयार.

करा, पण आधी हे तीन प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरं द्या.

एक: तुमच्या विषयातली मोठी वाटणी तुमच्या सॅम्पलच्या आत आहे की बाहेर? लाउंजमधल्या लोकांना प्रश्न विचारून लाउंज कळत नाही. गेटवर बसलेले लागतात, त्यांना सोडायला आलेले लागतात, आणि लाउंजची भांडी घासायला पेण-पनवेलहून पहाटेची गाडी पकडणारेही लागतात. त्यांच्या वाट बघण्याला कुठला क्लास आहे?

दोन: तुम्ही ज्याला 'वेळ' म्हणून मोजताय तो सगळ्यांसाठी एकच वेळ आहे का? नसेल तर दर्जा आणि वेळ दोन वेगळ्या रकान्यांत टाकून भागाकार करू नका. त्यांचा एकमेकांवरचा परिणाम तपासा.

तीन: तुम्ही फरक मोजताय की तळ? पुढच्याकडे किती जास्त आहे, हा एक अभ्यास. मागच्याकडे बसायला खुर्ची, प्यायला पाणी आणि स्वच्छ संडास आहे का, हा दुसरा. दुसरा कमी आकर्षक आहे आणि त्यावर बातमी होत नाही. पण वडखळच्या रांगेत लहान मुलाला घेऊन थांबलेल्या बाईला पहिल्या अभ्यासाचा काही उपयोग नाही. दुसऱ्याचा आहे, आणि तो करायला परदेशी कंपनीचा गोपनीय डेटा लागत नाही. घड्याळ, वही आणि एसटी स्टँडवर आठ दिवस बसायची तयारी लागते.

डीसेल्स-नॉर्टन यांचा पेपर वाचाच. त्यावरचं पत्र वाचा. मग आठ दिवस स्टँडवर बसा आणि त्यानंतर शीर्षक ठरवा. पुढच्या लेखात नोंदवही कशी ठेवायची ते बघू. रकाने कुठले असावेत याबद्दल तुमच्या काही कल्पना असतील तर तोपर्यंत कळवा.